डाळीनं पसंत केलेलं मशीन

सावळीराम दाण्याच्या घरात पानमळा होता. ऐकणाऱ्याला वाटायचं, घरामागं ओढाबिढा असेल, शेवरीची झाडी असेल. तसलं काही नव्हतं. घर होतं नाशकात, सातपूरच्या कारखान्यांपलीकडं नव्यानं उठलेल्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. आणि पानमळा होता मधल्या खोलीत. गोडेतेलाचे अकरा डबे भिंतीला लावून ठेवलेले. पाच डब्यांत शेवरीच्या काठ्या आणि काठ्यांवर चढवलेल्या पाच नागवेली. बाकीच्या डब्यांत गवती चहा, ओव्याचं पान, अशी किरकोळ रयत. खिडकीला ओल्या गोणपाटाचा पडदा. त्या खोलीत पाऊल टाकायचं तर चपला बाहेर काढायच्या. नव्या पाहुण्याला वाटे, आत देव आहेत. देव स्वयंपाकघरात फळीवर पिठामिठाच्या डब्यांच्या रांगेत बसलेले होते, आणि त्यांच्यापुढं कुणी चपला घालून गेलं तरी सावळीराम हूं की चूं करत नसे. पण पानमळ्यात पायताण चालत नाही, हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि देवाचं काही शिकवलं नव्हतं.

माणूस कारखान्यात स्टोअरकीपर. दिवसभर नटबोल्ट मोजून द्यायचे आणि सही घ्यायची, एवढंच काम. गाव येवल्याच्या पलीकडं. गावात बापाची नऊ एकर जमीन, ती थोरला भाऊ कारभारी कसायचा. घरात कारभारीला सगळे नाना म्हणत. सातबाऱ्यावर दोघांची नावं होती, पण मातीत हात एकाचाच होता, आणि ज्याचा होता तो ही गोष्ट दर भेटीत एकदा तरी काढायचाच.

बापानं ओढ्याकाठी पंधरा गुंठे पानमळा राखला होता. कपुरी पान, पातळ, पिवळसर, जिभेवर विरघळणारं. बाप गेला आणि कांद्याला भाव आला. ऐंशी सालच्या थंडीत नानानं दोन दिवसांत पानमळा उपटला. कुणी विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं. लोक पान खाऊन थुंकतात, कांदा खाऊन गिळतात, मग पिकवायचं काय? सावळीराम तिसऱ्या दिवशी एस.टी.नं पोचला तेव्हा वेली बांधावर ढिगारा होऊन पडल्या होत्या. भांडला नाही. ढिगातून हिरवं राहिलेलं वीस कांड्यांचं बेणं निवडलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि नाशकापर्यंत तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? तर म्हणाला, पानमळा आहे. कंडक्टरनं पानमळ्याचं वेगळं तिकीट मागितलं नाही, एवढी त्याची दया.

विसातल्या पाच वेली जगल्या. पावसाळ्यात डबे गॅलरीत होते तोवर वेली काठीवर काठी चढत गेल्या. दिवाळीला नाना नाशकात आला तेव्हा मधल्या खोलीत पान न् पान तकतकत होतं. नानानं चपला काढल्या, डब्यांपुढं उभा राहिला, बोटानं एका डब्यावर टिचकी मारली.

“डब्यात त्याल ऱ्हातं रं सावळ्या. पानमळा जमिनीत ऱ्हातो.”

हसण्यावारी गेलं असतं. पण नाना पुढं म्हणाला की मोजून पगार घेणाऱ्या माणसाला माती कळत नसते, आणि ज्याला माती कळत नाही त्याचं सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे बैल दुसऱ्याचा आणि शिंगं आपली. हे सरुबाईच्या देखत म्हणाला, लेक लताच्या देखत म्हणाला. सरुबाई म्हणजे सावळीरामची बायको. ती चहा घेऊन दारातच थांबली. सावळीराम सहसा तापत नसे, पण तापला की त्याला स्टोअरमधल्यासारखं लेखी बोलायची सवय होती.

“चैत्रात लतीचा साखरपुडा धरलाय. त्या दिवशी इड्याला पाच पानं या येलीची निघतील. नाय निघाली, तर तलाठ्याकडं मी सोता येतो आन् मव्हं नाव कमी करून देतो.”

नानानं चहा पिऊन टाकला. एवढंच म्हणाला, “चैत्र लांब नाय.”

नाना गेला आणि वेलींना जणू ते ऐकू गेलं. दिवाळीनंतर आभाळ कोरडं झालं आणि डब्यांना सोसायटीच्या बोरचं पाणी सुरू झालं. नगरपालिकेची लाइन अजून तिकडं पोचायची होती. बोरचं पाणी दिसायला काचेसारखं, पण घरात ज्या भांड्याला लागे त्याला चुना फासल्यासारखं करून जाई. त्यात साबणाला फेस येत नसे. आणि तूरडाळ शिजत नसे. दोन तास स्टोव्ह भणभणत ठेवा, डाळ आपली दाणा न् दाणा अंग राखून. सरुबाई तीन वर्षं या डाळीचं गाऱ्हाणं सांगत होती. तीन वर्षांत सावळीरामनं त्यावर एकच उपाय केला होता. तो डाळ चावून खायला शिकला होता. पण मार्गशीर्षात वेलीच्या पानांना पिवळा रंग चढला, मातीवर पांढरी खपली धरली, तेव्हा हा माणूस जेवता जेवता उठला आणि म्हणाला, या घरातल्या पाण्याचं काहीतरी केलं पाहिजे.

सरुबाईनं भात वाढायचा थांबवला. “आज कळलं का तुम्हाला?” म्हणाली. त्याला तिचा रोख कळला नाही.

आता पाणी गाळायचं कसं, याचा शोध सुरू झाला. कारखान्यात बॉयलर सांभाळणारा सहादू हा त्याच्या ओळखीतला एकमेव पाण्याचा जाणकार. सहादूच्या मते पाण्यात क्षार असतो आणि तो नळ्यांत कीट धरतो. त्यावर मार्ग चार. एक, तीन मडकी एकावर एक ठेवायची, वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात पाणी. दोन, भांड्याच्या दुकानात मिळतो तो स्टीलचा फिल्टर, आत पांढऱ्या कँडल असलेला. तीन, बॅटरीत घालायचं डिस्टिल पाणी. त्याच्याइतकं कोरं पाणी जगात नाही. आणि चार, बॉयलरला असतं तसलं पाणी नरम करायचं मशीन. घरगुती, लहान आकाराचं, सातपुरातलाच एक वर्कशॉपवाला नव्यानं बनवतो आहे.

बॅटरीच्या पाण्यावर सावळीराम हसला. “येलीला काय सेल्फ मारायचाय का?” म्हणाला. सहादू म्हणाला, तुझी मर्जी. त्यानं सावळीरामला एकदा बरोबर सांगून पाहिलं, त्याच्याकडून झालं ते झालं.

मडकी आणली, वाळू गोदावरीच्या पात्रातून पिशवीनं आणली. कँडलवाला फिल्टर एका सहकाऱ्याकडून आठ दिवसांसाठी मागून आणला. मशीनवाला स्वतःच घरी आला. गळ्यात टाय, हातात दोन बाटल्या. एका बाटलीत बोरचं पाणी, दुसरीत मशीनचं, दोन्हींत साबणाचे चार चार थेंब. बोरची बाटली हलवली तर दुधाची सायच जमल्यासारखं पाणी नासलं. मशीनची हलवली तर बुचापर्यंत फेस. मशीनवाला सांगत होता की पाण्यातला कडक क्षार मशीनमधले दाणे धरून ठेवतात. आठवड्यातून एकदा त्यातून मिठाचं पाणी सोडायचं की दाणे पुन्हा ताजे. आपल्या घरात मीठ असतंच, वेगळं काही आणायला नको. सावळीरामनं विचारलं, झाडाला चालेल का? मशीनवाला म्हणाला, साहेब, बॉयलरला चालतं. मग सावळीरामनं पुढचा प्रश्न विचारला नाही, कारण बॉयलर वेलीपेक्षा कितीतरी महाग असतो.

पण फेसानं त्याचं समाधान झालं नव्हतं. फेस म्हणजे काय पीक आहे का? त्याच्या गावात पाण्याची पारख वेगळी होती. नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिल्या घागरीचं पातेलं चुलीवर चढायचं आणि त्यात तूरडाळ पडायची. म्हाताऱ्या बाया भोवती बसायच्या. डाळ मऊ झाली की विहीर गोडी, दाणा राहिला की विहीर कडू. पुढं त्या पाण्याच्या नावानं कुणी काही बोलायचं नाही. त्या निकालावर लोकांनी विहिरी बुजवल्या होत्या. सावळीरामनं ठरवलं, वेलीचं पाणीही डाळच निवडेल.

रविवारी सकाळी सरुबाईनं शेजाऱ्यांचे स्टोव्ह गोळा केले. चार स्टोव्ह, चार पातेली, चार पाणी. बोरचं, मडक्यांचं, कँडलचं आणि मशीनवाल्यानं कॅनमधून आणून दिलेलं. बॅटरीच्या पाण्याची बाटली सहादूनं हौसेनं पाठवली होती, पण तिच्यावर ‘पिण्यासाठी नाही’ असं छापलेलं. सरुबाई म्हणाली, त्यात डाळ घालायची तर ती तुम्ही एकट्यानं खायची. बाटली बाजूला पडली. डाळ नानाच्याच शेतातली, मूठ एक, पातेलं एकाच मापाचं. परीक्षक म्हणून शेजारच्या भागीबाईंना बोलावलं. त्या नांदगावच्या, पन्नाशी उलटलेल्या, विहिरींच्या तीन डाळींना हजर राहिलेल्या. आणखी चार बाया नुसत्याच बघायला आल्या. सावळीराम मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून उभा.

पाऊण तासानं भागीबाईंनी पळी फिरवली. बोरची डाळ तशीच. मडक्याची डाळ तिची बहीण. कँडलची डाळ दिसायला स्वच्छ पण आतून तीच. चौथ्या पातेल्यात पळी घातली आणि वर काढली तर दाणा असा राहिलाच नव्हता, पिवळं लोणी झालं होतं. भागीबाईंनी बोटावर घेऊन चाटलं.

“हे पाणी,” त्या म्हणाल्या. “आता इचारू नका.”

मशीन आलं. हिरव्या रंगाचं, कमरेएवढं लोखंडी नळकांडं, वर तोटी, बाजूला मीठ घालायचं तोंड. मोरीत बसवलं आणि डब्यांनाही त्याचंच पाणी सुरू झालं. घरात त्या दिवशी पुरणाची डाळ शिजली आणि सरुबाई पहिल्यांदा पानमळ्याबद्दल चांगलं बोलली.

दर रविवारी सावळीराम मशीनमध्ये जाडं मीठ ओतायचा. मशीनवाल्यानं बजावलं होतं, मिठानंतर आठ बादल्या पाणी सोडून द्या, जिभेला खारट लागायचं थांबेपर्यंत. कुणब्याच्या पोराला आठ बादल्या सोडून द्या म्हणणं सोपं होतं, ऐकणं नव्हतं. ज्याच्या बापानं मोटेच्या गळतीखालीसुद्धा मिरच्या लावल्या, त्या माणसानं पाणी मोरीत सोडायचं? पहिल्या बादल्यांत तो फरशी पुसून घेई, पुढच्यांत कपडे भिजवून घेई, आणि शेवटच्या दोन, जिभेला लागतं न लागतं अशा, डब्यांना घाली. वाया काही जायचं नाही. सरुबाईनं एकदा सहज सांगितलं की या पाण्यात डाळीला मीठ थोडं कमीच लागतं. सावळीरामनं हा मशीनचा आणखी एक फायदा म्हणून भागीबाईंना सांगितला.

माघात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जणू कुणी काडेपेटीनं भोवतीनं जाळल्या. सावळीरामला वाटलं, वेल तहानली. पाणी वाढवलं. फाल्गुनात खालची पानं गळली. त्यानं आणखी वाढवलं. कारखान्यात नटबोल्ट देताना त्याचं चित्त डब्यांत असायचं. एकाला नट दिले आणि बोल्ट द्यायचेच राहिले, असंही झालं. रात्रपाळीच्या लोकांना त्यानं विचारलं, सहादूला विचारलं. सहादू म्हणाला, आपला अनुभव बॉयलरचा, बॉयलरला पान येत नाही. गवती चहा तेवढा हिरवा होता. त्याच्याकडं सावळीराम रागानं बघायचा.

साखरपुड्याला चार दिवस राहिले तेव्हा पाच वेलींवर मिळून एक पान होतं, आणि तेही अर्धं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी सायकल काढली, भद्रकालीत पानवाल्याकडं गेला, कपुरी पानांची अख्खी जुडी घेतली. दुकानदारानं विचारलं, कार्य काय? सावळीराम म्हणाला, पूजा. घरी येऊन पानं ओल्या फडक्यात झाकून ठेवली आणि सरुबाईपुढं बसला.  तिनंच फडकं उचलून बघितलं.

सरुबाईचं माहेर येवल्यात, पैठणीच्या मागांना लागून. लहानपणी ती शेजारच्या विणकराकडं तुटलेले रेशमी धागे सांधायला बसायची. सांधलेली जागा बोटाला लागली तर मालक हातावर मारायचा. तिनं पेटीच्या तळातून हिरव्या रेशमाचं रीळ काढलं. साखरपुड्याच्या दिवशी पहाटे अंघोळ करून, चपला बाहेर काढून, तिनं सर्वांत चांगल्या दिसणाऱ्या वेलीवर पाच पानं बांधली. देठाला देठ लावून दोन फेरे आणि विणकराची गाठ. मग सगळ्यावर पाणी शिंपडलं. सावळीराम दोन हात अंतरावर उभा राहून बघत होता, आणि त्यालाही कळेना की पान संपतं कुठं आणि लबाडी सुरू होते कुठं.

“आवो, जमीन तुमच्या बापाची हाय म्हणून करतेय,” सरुबाई म्हणाली. “येलीसाठी नाय.”

नाना दहाच्या एस.टी.नं आला. मधल्या काळात त्याचे सगळे दात येवल्यात काढून झाले होते, कवळी बसायची होती. गाल आत गेलेले, बोलणं मऊ पडलेलं. पण तयारी पक्की करून आला होता. एका खिशात बापाची नखी होती. पानमळ्यात पान खुडायला अंगठ्यावर चढवतात ती पत्र्याची टोपी. दुसऱ्या खिशात तलाठ्याकडून लिहून आणलेला कागद, सही तेवढी बाकी. कागद त्यानं सावळीरामला आल्या आल्या अर्धा वर काढून दाखवला आणि परत ठेवला.

नवऱ्याकडची माणसं आली. पाट मांडले, सुपारी ठेवली, भटजींनी विड्याची पानं मागितली. मुलीच्या घरातला वडीलधारा म्हणून पान आणायचा मान नानाचा. सावळीराम म्हणाला, पानं घरच्याच वेलीची आहेत. पाहुण्यांनी माना डोलावल्या. नाना उठला, चपला काढल्या, नखी अंगठ्यावर चढवली आणि मधल्या खोलीत गेला. सावळीराम मागून.

नानानं चार बोडक्या वेली बघितल्या. मग पाचवी बघितली. पहिलं पान दोन बोटांत धरलं, नखी देठावर नेली आणि थांबला. चाळीस वर्षं त्यानं पानं खुडली होती. देठ नखीखाली कसा तुटतो, ते त्याच्या अंगठ्याला ठाऊक होतं. हा देठ तुटला नाही, सुटला. नखीच्या कडेला हिरवा रेशमी धागा अडकून राहिला.

बाहेर भटजी वाट बघत होते. सावळीरामच्या डोळ्यांपुढं नऊ एकर सरळ रेषेत उभे राहिले. नानानं धाग्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं नाही. दुसरं पान खुडलं, तिसरं खुडलं, पाचही खुडली. बाहेर जाऊन भटजींच्या ताटात ठेवली. एका पाहुण्यानं पान उचलून बघत म्हटलं, वा, कपुरी. नाना म्हणाला, “आमच्या बापाच्या मळ्यातली हाय.” आणि धागा बोटाला गुंडाळत बसला.

जेवायला पंगत बसली. नानाला दातांमुळं कालवलेला भात आणि वरण एवढंच चालणार होतं. पहिला घास घेतला आणि त्याचं जबड्याचं हलणं थांबलं. डाळ जिभेवर ठेवली की गिळून होत होती. त्यानं दुसऱ्यांदा वरण मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं. सरुबाईला विचारलं, कोणती डाळ? ती म्हणाली, नाना, तुमच्याच शेतातली. नानानं वाटी चाटूनपुसून रिकामी केली. त्याच्या घरच्या विहिरीच्या पाण्यात तीच डाळ सोडा टाकूनही दाणा सोडत नव्हती, आणि दात गेल्यापासून तो सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरीवर होता.

पाहुणे गेल्यावर नाना मोरीत जाऊन मशीनपुढं उकिडवा बसला. सावळीराम त्याच्या मागं उभा राहून मशीनचं काम सांगू लागला. दाणे, क्षार, तोटी. मग मिठाची गोणी दाखवली.

“मीठ?” नाना म्हणाला.

“दर रविवारी. पाच किलो.”

“आन् तेच पाणी येलीला?”

सावळीराम हो म्हणाला आणि त्याच क्षणी त्याचं त्यालाच ऐकू आलं. गावाच्या खालच्या अंगाला पाटाचं पाणी मुरून खारी झालेली जमीन होती. पायाखाली मिठासारखी कुरकुरायची, बाभळसुद्धा धरत नव्हती. तिथल्या शेवटच्या पिकाच्या पानांच्या कडा अशाच भोवतीनं जळल्या होत्या. हे त्यानं दहाव्या वर्षी डोळ्यांनी बघितलं होतं. जगात कुठल्याही कुणब्याला झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानं डाळीला विचारलं होतं.

नाना उठला. खिशातला कागद काढला, त्यात तंबाखूची चिमूट ठेवून पुडी बांधली आणि परत खिशात घातली.

“नाव ऱ्हाऊ दे तुव्हं,” म्हणाला. “मशीन मला दे.”

सावळीरामनं मागं बघितलं. सरुबाई दारात उभी होती. तिनं आत जाऊन उरलेलं वरण झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मशीन एस.टी.च्या टपावर चढलं. सोबत उरलेली मिठाची गोणीही गेली.

गावात नाना सांगत फिरला की सावळ्याच्या घरी बापाचा पानमळा जिता आहे, मी माझ्या हातानं पाच पानं खुडली. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. नाशकात सावळीरामच्या घरी डाळ पुन्हा अंग राखू लागली. चार वेली गेल्या. पाचवीचं खालचं कांडं तेवढं नखानं खरवडल्यावर हिरवं दिसलं. सावळीरामनं माती बदलली आणि सहादूची ती बाटली उघडली. बाटली संपल्यावर तो बॅटरीच्या दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं, गाडी कोणती? सावळीराम म्हणाला, ट्रक. पुढं दर पंधरवड्याला त्याच्या नसलेल्या ट्रकला एक बाटली लागू लागली. दुकानदार एकदा म्हणाला, तुमची बॅटरी फार पाणी पिते, बदलून टाका. सावळीराम म्हणाला, वाडवडिलांची आहे.

सरुबाई सकाळी स्टोव्ह पेटवताना डब्यातल्या त्या वेलीकडं आणि शेजारच्या बाटलीकडं बघायची. म्हणायची, या घरात कुणाला काय पाजायचं ते एकदा लिहून भिंतीला लावा.

पुढच्या वर्षी कांदा पडला. बाजारात ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर परत फिरले. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी नाना न कळवता नाशकात आला. एका हातात ओलं गोणपाट, दुसऱ्या हातात झाकण घट्ट लावलेला कॅन. कॅन दारातच टेकवला आणि चपला काढल्या.

“जित्या किती?” त्यानं विचारलं.

“एक.”

“खरी, का दोऱ्याची?”

सावळीरामनं त्याला मधल्या खोलीत नेलं. वेल छातीएवढी चढलेली होती, अकरा पानं. नानानं नखी काढली नाही, नुसत्या अंगठ्यानं एका देठाला हलवून बघितलं. देठ परत जागेवर गेला. मग तो तिथंच फरशीवर बसला आणि गोणपाट पुढं पसरलं. ओढ्याकाठचे पाच गुंठे मोकळे केलेत, म्हणाला. कांद्याचा काही भरवसा राहिला नाही. बेणं कुठं मिळेना. बापाचं बेणं जिल्ह्यात एकाच ठिकाणी शिल्लक आहे, आणि ते गोडेतेलाच्या डब्यात आहे.

सावळीरामला या दिवसासाठी म्हणून कितीतरी वाक्यं सुचून राहिली होती. सायकलवर जाता-येता त्यानं ती घोकलीही होती. त्यातलं एकही त्यानं काढलं नाही. “देतो,” म्हणाला. “पर त्या मशीनचं पाणी घालशील आन् जाळशील.”

“मशीनचं पाणी मव्हं मला पुरत नाय,” नाना म्हणाला. “तू काय घालतो?”

सावळीराम अडखळला. स्टोअरमध्ये चूक लिहिलेली नोंद दाखवताना अडखळायचा तसा.

“बॅटरीचं.”

“कशाचं?”

“ट्रकच्या बॅटरीत घालत्यात ते. बाटलीत मिळतं.”

नाना हसला नाही.  बोटांनी कसलातरी हिशोब करत होता. मग त्यानं अगदी शेतकऱ्यानं खताचं विचारावं तसं विचारलं, “गुंठ्याला किती बाटल्या लागत्याल?”

सावळीरामनं वेल मधोमध कापली. वरची सहा कांडी गोणपाटात गेली, खालची डब्यात राहिली. विहिरीचं पाणी चालतं की नाही ते बघ, म्हणाला, बापाच्या वेळी चालत होतं. एवढं सांगायला आणि ऐकायला दोघांना दीड वर्ष लागलं होतं.

आतून सरुबाईनं सांगितलं की नाना, हातपाय धुवा, पण जेवायला वेळ आहे, डाळ शिजायची आहे. नाना मान हलवत उठला आणि दारातला तो कॅन तिच्यापुढं नेऊन ठेवला.

“सरू, मव्ह्यापुरती डाळ याच्यात लाव. मशीनचं हाय, घरून आणलंय.”

सरुबाईनं झाकण काढलं, वास घेतला, चमचाभर जिभेवर टेकवून बघितलं. मग स्टोव्हवरचं पातेलं उतरवलं, आतलं बोरचं पाणी मोरीत ओतलं आणि नानाचा कॅन तळापर्यंत त्यात रिकामा केला. मुठीनं डाळ मोजली; नानाची एक, सावळीरामची एक, माहेरपणाला आलेल्या लताची एक आणि आपल्या दोन.